मोऱ्यांच्या घरात बुटकी माणसं राहायची का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एकाच्या आड तीन प्रश्न आहेत. हंपी पाहून झाल्यावर तुम्ही दहा वर्षांच्या मुलीला घेऊन गंगावतीजवळच्या हिरेबेनकलच्या डोंगरावर गेलात. बरोबर आलेल्या गावातल्या माणसाने दगडी खोल्या दाखवून सांगितलं की ही ‘मोऱ्यर मने’, म्हणजे मोऱ्यांची घरं. हे मोऱ्यर तीन वीत उंचीचे होते, पण अंगात हत्तीचं बळ, म्हणून एवढाल्या शिळा उचलू शकले. मुलीने पुढच्या फरशीतल्या गोल भोकातून डोकं आत घालून पाहिलं आणि तिला ते पटलं. घरी आल्यावर तुम्ही वाचलंत की ही तर थडगी आहेत. आता ती विचारते आहे, “मग ते काका खोटं बोलले का?” तुमचं आडनाव मोरे असल्यामुळे मोऱ्यर, मौर्य आणि मोरे यांचा काही धागा जुळतो का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय वरचा नगाऱ्यासारखा दगड तिने दुसऱ्या दगडाने वाजवला, ते चुकलं का, हाही प्रश्न आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी गेली जवळपास तीस वर्षं विदर्भातल्या शिळावर्तुळांवर, म्हणजे लोहयुगातल्या माणसांनी रचलेल्या मोठ्या धोंड्यांच्या रिंगणांवर काम करतोय, उन्हाळी-हिवाळी कॅम्प, खोदकाम, नोंदी, खापरं धुणं, सगळं. हिरेबेनकलला मी कुदळ लावलेली नाही. तिथे चार वेळा चढून गेलोय, दर वेळी दिवसभर बसलोय. त्यामुळे तिथलं जे सांगेन ते पाहिलेलं आणि वाचलेलं आहे, विदर्भातलं जे सांगेन ते हाताखालून गेलेलं आहे.

तुमचा खरा प्रश्न माझ्या मते हा आहे: शास्त्र एक सांगतं आणि गाव दुसरं सांगतं, तेव्हा गावाच्या गोष्टीचं करायचं काय? मुलीसमोर ती खोटी ठरवायची, की ‘लोकांची श्रद्धा’ म्हणून बाजूला ठेवायची? मी या दोन्ही गोष्टी करत नाही. का, ते सांगतो.

पहिल्यांदा दगडांकडे येऊ. कोप्पळ जिल्ह्यातला तो सगळा भाग ग्रॅनाइटचा. हा खडक उन्हापावसाने कांद्याच्या पापुद्र्यासारखा थराथराने सुटतो. लोहयुगातल्या माणसांनी ही गोष्ट बरोबर हेरली. मोठा खडक फोडत बसण्यापेक्षा सुटत आलेला थर पाचर मारून उचकटायचा आणि फरशी मिळवायची. चार फरशा उभ्या, एक वर झाकण, अशी ती खोली. आम्ही तिला डॉल्मेन म्हणतो. काही खोल्या माणसापेक्षा उंच आहेत, काही जेमतेम गुडघ्यापर्यंत. डोंगरावरचं ते पाण्याचं तळंही नीट आठवा. फरशा काढल्या त्या खाणीचीच ती जागा आहे, आज तिथे पाणी साठतं. लहानमोठं सगळं धरून त्या डोंगरावर हजाराच्या आसपास रचना नोंदलेल्या आहेत. काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वी ८०० ते २००. जवळच्या कपारींमध्ये लाल रंगातली चित्रंही आहेत, पुढच्या वेळी तीही पाहा.

आता ही थडगी आहेत का? इथे मला थोडं सावध बोललं पाहिजे, कारण उत्तर प्रत्येक दगडागणिक बदलतं. कर्नाटकातच चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला १९४७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी अशा दगडी पेट्या खोदल्या. एकेका पेटीत एकाहून जास्त माणसांची हाडं मिळाली, तीही निवडक, सुटी झालेली. म्हणजे मृतदेह आधी दुसरीकडे ठेवलेला असणार आणि नंतर हाडं गोळा करून इथे आणलेली असणार. याउलट विदर्भात मी अशी वर्तुळं पाहिली आहेत जिथे दगड, माती, भांडी, लोखंडी हत्यारं सगळं जागच्या जागी असतं आणि हाड एखादंच असतं, किंवा अजिबात नसतं. काही वेळा मातीने हाड खाल्लेलं असतं, काही वेळा मुळात ठेवलेलंच नसतं. म्हणून सरसकट ‘थडगं’ म्हणण्यापेक्षा ‘मेलेल्यांसाठी उभारलेला दगड’ म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. गडचिरोलीत भामरागडकडे माडिया लोक आजही आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात, झारखंडात मुंडा लोकांची ससनदिरी असते, म्हणजे कुळातल्या मृतांच्या हाडांवर ठेवलेल्या शिळा. पुरलेल्याची जागा आणि आठवणीचा दगड यांत फरक असतो आणि दोन्ही एकत्रही येतात, हे तिथे जिवंत माणसांकडून समजतं.

आता बुटक्यांच्या गोष्टीकडे. ती गोष्ट कुणी हवेत रचलेली नाही. तुम्ही त्या खोलीसमोर उभे राहा आणि घटकाभर विसरून जा की तुम्ही पुरातत्त्वावर काही वाचलंय. समोर काय दिसतं? भिंती आहेत, छप्पर आहे, म्हणजे घर आहे. दार आहे, पण ते गोल आहे आणि एवढं लहान की मोठ्या माणसाचे खांदे त्यातून जात नाहीत. म्हणजे राहणारा लहान असला पाहिजे. पण छपराची शिळा दहा जणांना हलत नाही, म्हणजे त्याच्या अंगात बळ अचाट असलं पाहिजे. तीन वीत उंची आणि हत्तीचं बळ! तीन निरीक्षणं आणि त्यांना एकत्र बांधणारं एकच उत्तर. माझ्या विद्यार्थ्यांनी एखाद्या रचनेकडे इतकं नीट पाहिलं तर मला आनंद होईल.

मला हे उशिरा कळलं. सुरुवातीची कित्येक वर्षं मी दंतकथेत ‘जुनी आठवण’ शोधत होतो. मग वेगवेगळ्या ठिकाणच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की गोष्ट बदलते ती दगडाच्या आकाराप्रमाणे. कर्नाटकात भोक पाडलेल्या पेट्या आहेत, तिथे बुटके येतात. केरळात मरयूरच्या उघड्या डोंगरावर फरशांच्या खोल्या आहेत, त्यांना मुनियरा म्हणतात, मुनींच्या कोठड्या. एकांतातल्या डोंगरावर कोंदट खोली कुणाला लागेल? तप करणाऱ्याला. त्याच केरळात छत्रीसारखे दगड आहेत, त्यांचं नावच कुडक्कल्लु, छत्रीदगड. आमच्या नागपूरकडे पेटी नाही, भोक नाही, नुसतं मोठ्या धोंड्यांचं गोल रिंगण आहे. तिथे बुटके नाहीत आणि मुनीही नाहीत. तिथे गवळी आहेत. ती गवळ्यांची गोठणं, ढोरं कोंडायची जागा, असं लोक सांगतात. इंग्रजांनी १९व्या शतकात नोंदी केल्या तेव्हाही हेच सांगत होते.

एक अपवाद मात्र सगळीकडे भेटतो, तो म्हणजे पांडव. कुठलाही आकार असो, दगड जड असला की पांडव येतात. आपल्याकडे नाशिकची बौद्ध लेणी पांडवलेणी झाली, तसंच. १८१९च्या सुमारास मलबारात बॅबिंग्टन नावाच्या इंग्रजाने अशा जागा खोदल्या आणि १८२३ मध्ये त्याचा लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीने छापला. लेखाच्या नावातच ‘पांडू कुळी’ आहे, म्हणजे पांडूंचे खड्डे. भारतातल्या या दगडांवरचा तो अगदी सुरुवातीचा छापील लेख. म्हणजे आमच्या शास्त्राने पहिला शब्द गावाकडूनच उचललाय.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात चांगला पुरावा तमिळ प्रदेशात आहे. तिथे मृतांना मोठ्या रांजणांत ठेवत. आज गावात विचारलंत तर सांगतात की फार पूर्वी माणसं मरतच नसत, म्हातारी होत होत आकसत जात, मग घरचे त्यांना रांजणात बसवत, जवळ अन्न ठेवत, दिवा ठेवत. त्या रांजणांचं नावच मुदुमक्कळ ताळि, म्हाताऱ्यांचे रांजण. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या संगम काळातल्या तमिळ कवितेत एक स्त्री कुंभाराला विनवते की माझ्या नवऱ्यासाठी रांजण घडवतो आहेस, तो जरा मोठा घडव, मलाही त्यात जागा होईल असा. त्या काळी रांजण कशासाठी असतो हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. मधल्या काळात चाल थांबली आणि आठवण तुटली. पुढच्या माणसाच्या हाती रांजण, आत वाकवून बसवलेली हाडं आणि शेजारी भांडी एवढंच उरलं. त्याने त्यावरून उत्तर काढलं. म्हणून मी म्हणतो, या गोष्टी म्हणजे बहुतेक वेळा आठवण नसते, विचार असतो, त्या जागी राहणाऱ्या माणसाने हाताशी होतं तेवढ्या माहितीवर केलेला.

आणि हे फक्त खेड्यातल्या माणसाचं नाही. कर्नल मेडोज टेलर १८५०च्या आसपास सुरपूर संस्थानात होता. त्याने राजनकोळूरची अशीच ‘मोऱ्यांची घरं’ पाहिली, बुटक्यांची गोष्ट लिहून घेतली, भीमेकाठी जेवर्गीजवळ थडगी खोदली, उत्तम रेखाटनं केली. पण निष्कर्ष काढताना त्याला त्यात आपल्या देशातले ड्रुइड, म्हणजे तिथले प्राचीन पुरोहित, आणि मध्य आशियातले सिथियन दिसले. नागपूरला रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप याच शिळावर्तुळांच्या मागे होते, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्या पिढीला ही वर्तुळं सिथियनांची वाटली. व्हीलर यांनी ब्रह्मगिरीच्या थडग्यांना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचा काळ दिला होता, पुढे कार्बन-१४ची कालमापनं आली आणि तो कितीतरी मागे गेला. प्रत्येकाने हाताशी होतं त्यावरून विचार केला. गावातल्या म्हाताऱ्याने तेच केलं. फरक एवढाच की आमच्याकडे चूक तपासायची साधनं वाढत गेली.

आता मोऱ्यर, मौर्य आणि मोरे. ही जोडणी तुमच्याआधी अभ्यासकांनीही करून पाहिली आहे आणि तिला वरवर आधारही दिसतो. कोप्पळ गावातच गविमठ आणि पाल्किगुंडु इथे अशोकाचे शिलालेख आहेत, रायचूर जिल्ह्यात मस्कीला आहे, आणि ब्रह्मगिरीला तर शिलालेख आणि थडगी एकाच टेकडीच्या आसपास आहेत. मग ‘मोऱ्यर’ म्हणजे मौर्यच, असं वाटणं साहजिक आहे. पण दोन गोष्टी मला अडवतात. एक काळाची. चंद्रगुप्त गादीवर आला इसवी सनापूर्वी ३२१च्या सुमारास. हे दगड उभे करायची चाल त्याच्या कित्येक शतकं आधी सुरू झाली होती, तेव्हा ती मौर्यांनी आणलेली असू शकत नाही. दुसरी स्मृतीची. ब्राह्मी लिपी वाचणारा कुणी उरला नव्हता, १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा वाचली. मस्कीच्या शिलालेखात ‘अशोक’ हे नाव आहे, तो लेख १९१५ मध्ये सापडला तेव्हा कुठे बाकीच्या शिलालेखांतला ‘देवानां पिय’ राजा म्हणजे अशोकच हे पक्कं झालं. राजाचं नाव डोळ्यांसमोर कोरलेलं असूनही लोक विसरले, तर त्याच्या घराण्याचं नाव शेजारच्या डोंगरावर तोंडी तेवढं टिकून राहिलं, हे मला पटायला जड जातं. आडनावाच्या नुसत्या ध्वनीवरून तर मी एक पाऊलही पुढे टाकणार नाही. मोरे घराण्यात मौर्यांशी नातं सांगणारी परंपरा आहे, तिचा मान घरात ठेवा, पण ती या दगडांना बांधू नका.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो, कारण दंतकथेकडे पाहायची माझी नजर तिथे बदलली.

नागपूर जिल्ह्यातल्या एका गावात शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून चार वर्तुळं होती. शेतमालक सत्तरीपुढचे, सगळे त्यांना बाबाजी म्हणत. पहिल्याच दिवशी म्हणाले, “हे गवळ्याइचे गोठे होत साहेब. लय ढोरं होती त्याइच्यापासी.” मला आतून आनंद झाला. कारण विदर्भात वर्तुळं शेकड्याने आहेत आणि त्या मानाने राहत्या वस्त्या कमी सापडतात. त्यामुळे हे लोक गुरं घेऊन फिरणारे असावेत, असा एक विचार आमच्यात आहेच. इथे गावाची आठवणही तेच सांगत होती. मी डायरीत तसं लिहूनही टाकलं.

खोदायला घेतलं तेव्हा पहिले लागले ते मुरूम-गोटे नव्हते. वरच्या बोटभर थरात भुरकट, मऊ, राखेसारखी माती होती आणि ती फक्त वर्तुळाच्या आत होती. चाळणीतून काढली तर शेळीच्या लेंड्यांचे कण. त्याखाली मग नेहमीची रचना: गोट्यांचा भराव, त्याखाली घट्ट चिकण काळी माती, त्याखाली काळ्या-तांबड्या भांड्यांचे तुकडे. मी बाबाजींना वरची माती दाखवली. ते सहज म्हणाले, “असनच न. आमी लहान होतो तवा धनगर याचे, दगडाइवर बाभुळच्या काट्या लावून बकऱ्या कोंडाचे इथं.”

म्हणजे गोष्ट खरीच होती! वर्तुळ खरोखर गोठा म्हणून वापरलं गेलं होतं, फक्त अडीच हजार वर्षांनंतर. तयार रिंगण मिळालं, वर काट्या लावल्या की कुंपण झालं. मी तिला लोहयुगाची आठवण समजून बसलो होतो आणि ती होती साठ वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याची. डायरीतली नोंद मी खोडली नाही, खाली तारीख घालून दुसरी लिहिली. लोहयुगातल्या लोकांबद्दल म्हणाल तर ते नुसते गुराखी नव्हते. माहुरझरीला मण्यांचा मोठा उद्योग होता, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे, घोड्याच्या तोंडावर घालायचा तांब्याचा साज माहुरझरीच्या थडग्यांतून आला आहे. ही माहिती गवळ्यांच्या गोष्टीत नाही, ती मातीतूनच काढावी लागली.

तेव्हापासून मी गावात गोष्ट ऐकताना ‘हे कुणी बांधलं?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो की इथे काय करायचं नसतं. नांगर घालायचा नाही, दगड घरी न्यायचा नाही, बाळंतिणीने जायचं नाही, तिन्हीसांजेला बसायचं नाही. गोष्टीतलं ‘कोण’ सहज बदलतं, आज गवळी तर उद्या पांडव. ‘काय करायचं नाही’ हे त्या मानाने चिवट असतं आणि त्याचा परिणाम जमिनीवर मोजता येतो. बाबाजींच्या शेतात त्या चार वर्तुळांवर नांगर फिरला नव्हता, कारण तिथे पेरलं तर घरातलं माणूस जातं असं त्यांच्या आजीने सांगितलं होतं. शेजारच्या शेतात असा धाक नव्हता. तिथले धोंडे एका उन्हाळ्यात विहिरीच्या बांधकामाला गेले.

उलटी गोष्टही आहे आणि ती मला फार छळते. ‘खाली धन आहे’ हीसुद्धा दंतकथाच. हिरेबेनकलला तुम्ही उलथवलेल्या, फुटलेल्या फरशा पाहिल्या असतील. अशा जागांची नासधूस मोठ्या प्रमाणात गुप्तधनाच्या आशेने झाली आहे. मी इतक्या वर्षांत खोदलेल्या वर्तुळांत सोनं क्वचित आणि अगदी थोडकं पाहिलंय. बहुतेक वेळा खापरं, गंजलेली कुऱ्हाड, मणी. ज्याने रात्री खड्डा मारला त्याला त्यातलं काहीच उपयोगाचं नसतं, आणि आम्हाला लागतो तो मातीचा क्रम तो कायमचा मोडून जातो. तुमच्या ओळखीत कुणाच्या शेतात असं काही निघालं तर त्यांना एवढं नक्की सांगा की १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या अशा वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तहसील कार्यालयात लेखी कळवलं आणि पोच घेतली की पुढचं काम सुरू होतं. तोवर जागा झाकून ठेवायची, वस्तू धुवायच्या-घासायच्या नाहीत.

मुलीला काय सांगायचं? तिला सांगा की काका खोटं बोलले नाहीत. त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं उत्तर सांगितलं आणि ते उत्तर कुणीतरी भोक नीट बघूनच काढलं होतं. मग तिला सांगा की अशा थडग्यांतून निघालेली हाडं तुमच्या-आमच्यासारख्या उंचीच्या माणसांची आहेत, म्हणजे बुटके नव्हते. आता तिलाच विचारा, मोठ्या माणसांनी एवढं लहान दार का ठेवलं असेल? घरी एक खोका घ्या, चार बाजू, झाकण, एका बाजूला भोक. झाकण चिकटवून टाका. मग म्हणा, आत आधी एक जण ठेवलाय, आता दोन वर्षांनी दुसऱ्याची हाडं ठेवायची आहेत, किंवा वर्षाला एकदा वाटीभर अन्न ठेवायचं आहे, झाकण काढायचं नाही. ती आपोआप हात भोकातून आत घालेल. दार आत राहणाऱ्याच्या मापाचं नव्हतं, बाहेर उरलेल्यांच्या हाताच्या मापाचं होतं, असं आज बऱ्याच अभ्यासकांना वाटतं आणि ब्रह्मगिरीसारख्या ठिकाणी एका पेटीत अनेकांची हाडं मिळाल्याने त्याला बळ मिळतं. तिने दुसरं काही उत्तर काढलं तर तेही लिहून ठेवा.

एक काम तुमच्यासाठीही. तो वाटाड्या ज्या शब्दांत बोलला ते शब्द, त्याच क्रमाने, लिहून काढा. त्याला फोन करता येत असेल तर विचारा की ही गोष्ट कुणाकडून ऐकली, आणि ती सगळ्या खोल्यांची आहे की एखाद्या ठरावीक खोलीची. पण ‘ही थडगी आहेत ना?’ असं आधी सांगू नका. हिरेबेनकल २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, आपल्या मराठा किल्ल्यांच्या प्रस्तावाबरोबरच. आता तिथे पर्यटक वाढतील, वाटाडे फलक वाचून बोलू लागतील. दहा वर्षांनी तुम्हाला तिथे ‘डॉल्मेन’ ऐकायला मिळेल, मोऱ्यर नाही. फलक कुठेही छापता येईल, पण त्या माणसाच्या आजोबांची गोष्ट त्याच्यापाशीच आहे.

आता तो नगारा. उंचावरच्या त्या अर्धगोल दगडावर लाकडी हातोडा मारला की आवाज किलोमीटरभर लांब ऐकू जातो, असं सांगतात आणि मी स्वतः खालच्या खोल्यांपाशी उभं राहून तो ऐकला आहे. मुलीला मोह झाला यात नवल नाही, तिला रागावू नका. पण दगडाने मारू नये, आणि त्याचं कारण तिला नीट समजावून सांगा. बळ्ळारीजवळ कुपगलच्या टेकडीवर डोलेराइटचे दगड आहेत, तेही वाजतात. त्यांवर ठरावीक जागी मार बसून बसून गुळगुळीत खोलगट वाट्या पडल्या आहेत, आणि त्या वाट्यांवरूनच अभ्यासकांना कळलं की फार पूर्वी माणसं हे दगड वाजवायची. कुणी, कुठे, किती वेळा मारलं हे दगडानेच लिहून ठेवलंय. त्यावर आज आपण दगड मारला की पांढरा टवका उडतो आणि जुनी खूण असलीच तर तिच्यावर आपली बसते. पुढच्या वेळी गेलात की तिला तळहाताने थाप मारू द्या, मग कान दगडाला लावायला सांगा. आवाज बारीक येईल, पण येईल.